डिजिटल मिक्सरला यूपीएस: दशावतार ते शिमगा, एका हंगामाच्या कामाच्या नोंदी

३ ऑक्टोबर

सामान असं: मंडपाच्या मागच्या टोकाला ३२ चॅनलचा डिजिटल साउंड मिक्सर, रंगमंचावर १६ इनपुटचा स्टेज बॉक्स (रंगमंचावरचे माइक ज्यात जोडतात तो), दोघांमध्ये ५० मीटर शील्डेड कॅट-५ई केबल. शिवाय टॅबलेटसाठी वाय-फाय राउटर, चार कॉर्डलेस माइकचे रिसीव्हर आणि रेकॉर्डिंगचा लॅपटॉप. दिवाळीनंतर दशावताराचा हंगाम लागेल, त्याआधी यूपीएस, म्हणजे लाईट गेली की लगेच बॅटरीवर वीज देणारा बॅकअप, बसवायचा आहे.

अडचण लाईट जाण्याची नाही, ती परत येण्याची आहे. ॲनालॉग मिक्सर असताना लाईट आली की आवाजही लगेच येत असे. डिजिटल मिक्सर आधी स्वतः जागा होतो. घड्याळ लावून मोजलं: मिक्सरला ४२ सेकंद, स्टेज बॉक्स जोडला जायला पुढे ८ सेकंद, राउटर उभा राहून टॅबलेट पुन्हा जोडायला जवळपास पावणेदोन मिनिटं. त्याहून वाईट म्हणजे झटका. ट्यूबलाईट नुसती मिचकावते, ॲम्प्लिफायर चालूच राहतात, पण मिक्सर बंद पडून पुन्हा सुरू होतो. आतल्या पॉवर सप्लायमध्ये साधारण २० मिलिसेकंद निभेल एवढाच साठा असतो. त्यापेक्षा लांब झटका आला की खेळ संपला. यूएसबीवर रेकॉर्डिंग चालू असेल तर फाइल नीट बंद होत नाही आणि नंतर उघडत नाही, ते वेगळंच.

आधी वॅट मोजून घेतले. प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर ९०० रुपयांना मिळाला, तुम्हीही घ्याच. मागच्या पट्टीवर छापलेला आकडा कमाल असतो. मिक्सर ९५, लॅपटॉप ४५, छोटा दिवा ५, म्हणजे मागच्या बाजूला १४५ वॅट. स्टेज बॉक्स ३८ आणि रिसीव्हर १६, म्हणजे पुढे ५४. राउटर ७.

ॲम्प्लिफायर आणि पॉवर्ड मॉनिटर यूपीएसवर घ्यायचे नाहीत. बेसचा एक ठोका कित्येक अँपिअर ओढतो, यूपीएस ओव्हरलोड होतो आणि ज्याला वाचवायचं तो मिक्सरच आधी जातो. दोन-तीन मिनिटं आवाज नसला तरी चालतं. लाईट आल्याच्या क्षणी आवाज तयार हवा.

७ ऑक्टोबर

लाइन-इंटरॲक्टिव्ह प्रकारचे (लाईट असताना तीच पुढे देणारे, गेली की बॅटरीवर उडी मारणारे) दोन यूपीएस आणले. मिक्सरला ११०० व्हीए, आत १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन बॅटऱ्या, ६,४०० रुपये. स्टेज बॉक्सला ६०० व्हीए, एक बॅटरी, ३,१०० रुपये. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएवाला जेमतेम ३६० वॅट देतो.

रात्रभर चार्ज करून गोडाऊनमध्ये चाचणी घेतली. प्लग उपटून चाचणी घेऊ नका. प्लग निघाला की अर्थिंगही निघतं आणि मिक्सरची बॉडी अधांतरी राहते. एमसीबी पाडायचा, प्लग बोर्डातच ठेवायचा. मिक्सर ढिम्म हलला नाही. लाइन-इंटरॲक्टिव्हला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, पण तेवढं मिक्सरच्या सप्लायला पचतं.

१४५ वॅटवर २६ मिनिटं मिळाली. कागदावर दोन बॅटऱ्यांचे १६८ वॅट-तास होतात, म्हणजे तासाच्या वर चालायला हवं. तसं होत नाही. ७ एएच हा आकडा २० तासांत सावकाश रिकामी केलेल्या बॅटरीचा. अर्ध्या तासात ओढली तर निम्म्याच्या आसपास हाती लागते, त्यात इन्व्हर्टरचा तोटा. जनरेटर लावायला २६ मिनिटं रगड झाली.

८ ऑक्टोबर

राउटर मंडपाच्या मधल्या खांबावर उंच बांधायचा, म्हणून त्याला पडून असलेला एक जुना यूपीएस दिला. लाईट पाडली की पाच मिनिटांनी राउटर बंद. बॅटरी बदलून पाहिली, तरी तेच. त्यात अख्खी दुपार गेली. दोष बॅटरीत नव्हता. बऱ्याच यूपीएसमध्ये अशी सोय असते की बॅटरीवर असताना लोड अगदी किरकोळ दिसला तर काहीच जोडलेलं नाही असं समजून ते आपोआप बंद होतात. ७ वॅटचा राउटर त्याला दिसतच नव्हता. राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस १,३०० रुपयांना आणला. खांबावर राउटरसोबत केबल टायने बांधता येतो.

१९ ऑक्टोबर

जनरेटरवर चाचणी, आणि खरी गोम इथे निघाली. ५ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर चालू केला. मल्टिमीटरवर २३५ व्होल्ट, दिवे लख्ख. यूपीएस मात्र बॅटरीवरून हलेना. दर काही सेकंदांनी टक् करून लाईटवर यायचा, पुन्हा बॅटरीवर. असंच चालू राहिलं तर जनरेटर धडधडत असताना मिक्सर २६ मिनिटांनी बंद.

मल्टिमीटर हर्ट्झवर, म्हणजे विजेची सेकंदाला किती आवर्तनं ते मोजायला, टाकला तेव्हा उलगडा झाला. बिनलोड जनरेटर ५३.६ हर्ट्झ देत होता. या यूपीएसच्या पुस्तिकेत ४७ ते ५३ अशी मर्यादा आहे. हॅलोजन लावल्यावर ५१.२ वर आला आणि यूपीएसने लगेच लाईट घेतली. मग बेस वाजवला. प्रत्येक ठोक्याला ४८.५ ते ५२ असं हेलकावत होतं आणि आकडा मर्यादेत असूनही मधूनच यूपीएस पुन्हा बॅटरीवर उडी मारायचा.

त्यावर तीन गोष्टी केल्या. यूपीएसची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे विजेतल्या बदलाला तो किती पटकन बिचकतो ते, कमीवर ठेवली. काही मॉडेलात ती बटण दाबून धरून बदलते, काहींत सोयच नसते. विकत घेतानाच विचारून घ्या. दुसरं, लोड चढवण्याचा क्रम ठरवला: आधी मंडपाचे दिवे, मग यूपीएस, शेवटी ॲम्प्लिफायर. दिव्यांचं कायमचं ओझं असलं की इंजिन थाऱ्यावर राहतं. तिसरं, पेट्रोलवाला मोठ्या कार्यक्रमाला नको, १५ केव्हीएचा डिझेल सायलेंट सेटच सांगायचा. जनरेटरवाल्याला नेमकं सांगायचं, "दादा, रिकामा असताना ५२ हर्ट्झला बांधा, लोडवर तो ५०-५१ वर येईल." नुसतं "करंट बरोबर ठेवा" म्हटलं तर तो व्होल्ट बघतो आणि मान डोलावतो. इंजिन रिकामं असतानाच कमी-जास्त श्वास घेत असेल तर एअर फिल्टर नाहीतर गव्हर्नर (इंजिनचा वेग धरून ठेवणारा भाग) बघायला लावा. तो यूपीएसचा दोष नाही.

१६ नोव्हेंबर

पहिलं रात्रभराचं दशावतारी नाटक, वेंगुर्ले तालुक्यातलं गाव. संध्याकाळी सातला बोर्डावर १७८ व्होल्ट. यूपीएस बूस्टवर जाऊन, म्हणजे व्होल्टेज स्वतः चढवून, निभावत होता, रिले सतत टकटकत होते. अशा वेळी यूपीएस अधूनमधून बॅटरीला हात घालतो. म्हणजे लाईट जाईल तेव्हा बॅटरी आधीच अर्धी झालेली असते. दहानंतर गावातला लोड उतरला आणि व्होल्टेज २२५ वर गेलं.

लाईट गेली ती ऐन युद्धाच्या प्रसंगात. मिक्सर, स्टेज बॉक्स, राउटर तिन्ही जिवंत. तरी दोन चुका निघाल्या.

पहिली, बझर. स्टेज बॉक्सचा यूपीएस पेटीवाल्याच्या मागे ठेवला होता. बॅटरीवर गेल्यावर त्याचा पींऽऽ पींऽऽ पेटीच्या माइकमध्ये शिरला आणि लाईट येताच सगळ्या गावाने ऐकला. या मॉडेलात बझर बंद करण्याची सोय नाही. आतल्या पिएझोवर (आवाज काढणाऱ्या चकतीवर) जाड टेप लावून आवाज निम्मा होतो. नीट इलाज म्हणजे यूपीएस रंगमंचाखाली ठेवायचा आणि वर फक्त वायर न्यायची.

दुसरी जास्त महागात पडू शकते. लाईट गेल्यावर मिक्सरचे मीटर हलत राहतात, बाहेर काहीच ऐकू येत नाही, आणि हात आपोआप फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर सरकवतो. मग "लाईट इली रे!" अशी आरोळी उठते आणि त्याच क्षणी ॲम्प्लिफायर सुरू होऊन शिट्टी वाजते. आता मुख्य आउटपुट आणि सगळे मॉनिटर मिळून एकच म्यूट ग्रुप (एका बटणाने सगळे गप्प) केला आहे, लाल पट्टी लावलेलं बटण. लाईट गेली की पहिलं ते दाबायचं. ॲम्प्लिफायरचे दिवे स्थिर झाले की पाच सेकंद मोजून सोडायचं. बेसचा धप्प आवाजही त्याने टळतो.

जनरेटरवरून लाईटवर परतताना पुन्हा एक खंड पडतो. लाईट आली म्हणून चेंजओव्हर (जनरेटर-लाईट बदलायचा स्विच) लगेच फिरवू द्यायचा नाही. कोकणात गेलेली लाईट आल्यावर दोन-तीनदा पुन्हा जातेच. दहा मिनिटं स्थिर दिसली की मग, आणि तेही गाणं किंवा लढाई चालू नसताना.

२९ नोव्हेंबर

आज मिक्सर थोडक्यात वाचला. मंडपाला तीन फेज: एकीवर ॲम्प्लिफायर, दुसरीवर दिवे, तिसरीवर आपले यूपीएस. चेंजओव्हरच्या स्विचमध्ये न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता. न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर ओझं कमी तिचं व्होल्टेज चढतं, आणि आपल्या फेजवर फक्त दीडशे वॅट. मीटरवर ३०० च्या वर दिसलं. यूपीएसने स्वतःला तोडून बॅटरीवर घेतलं, त्यामुळे मिक्सरला काही झालं नाही. त्याच बोर्डावरच्या स्पाइक गार्डमधला व्हॅरिस्टर (उसळी शोषणारा भाग) जळून प्लास्टिक वितळलं. स्पाइक गार्ड विजेच्या क्षणभराच्या उसळीसाठी असतो, मिनिटभर चालणाऱ्या ३०० व्होल्टपुढे तो काही करू शकत नाही.

यावर उपाय डिन-रेलवर (एमसीबी बसतो त्या पट्टीवर) बसणारा हाय-लो व्होल्टेज कटऑफ. १,३५० रुपये. वरची मर्यादा २६५, खालची १६५, परत जोडायला ३० सेकंदांचा विलंब. यूपीएसच्या आधी, छोट्या प्लॅस्टिक पेटीत एमसीबीसोबत बसवला. आता कार्यक्रमाला पोचल्यावर पहिलं काम म्हणजे चेंजओव्हर उघडून वायरमनला न्यूट्रलचा स्क्रू आवळायला सांगणं. त्याला राग येतो. येऊ दे.

३० नोव्हेंबर

अर्थिंग. याला आजचा पूर्ण दिवस दिला, कारण यूपीएस लावल्यावर हे जास्त उघडं पडतं.

छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुधा अर्थला जोडलेला नसतो. मग फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्हीकडे १००-१२० व्होल्टच्या आसपास भुताटकी दिसते आणि ज्या यूपीएसला वायरिंग फॉल्टचा दिवा आहे तो पेटतो. मिक्सर किंवा लॅपटॉपच्या सप्लायमधले फिल्टरचे कपॅसिटर बॉडीवर तेवढंच व्होल्टेज आणून ठेवतात. माइकला ओठ टेकवल्यावर गायकाला मुंग्या येतात ते यामुळे. ओल्या मातीत अनवाणी उभ्या नटाला हे गमतीचं नाही. मुंग्या येऊनही वायर तीच ठेवली तर पुढे एखाद्या खराब ॲम्प्लिफायरने जीव जाईल.

न्यूट्रल आणि अर्थ जोडायचे ते फक्त जनरेटरपाशी, एकाच ठिकाणी, जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून, आणि तिथेच जमिनीत रॉड. मिक्सरच्या बाजूला कधीच नाही. हम (स्पीकरमधली घूंऽऽ अशी घरघर) घालवायला प्लगची अर्थ पिन तोडायची पद्धत सर्रास आहे; ती बंद. डिजिटल स्टेज बॉक्समुळे लांब ॲनालॉग केबलच उरत नाही, त्यामुळे हमचं कारण बहुतेक वेळा लॅपटॉपचा ऑडिओ असतो. त्याला ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये जोडायचा छोटा डबा) लावा.

जांभ्याच्या कातळावर रॉड ठोकून उपयोग होत नाही, एक फुटावर अडतो. देवळाच्या विहिरीजवळ, माडाच्या आळ्यात किंवा पाणी साचतं तिथे लाल मातीत ठोकायचा, वर दोन बादल्या पाणी. जानेवारीनंतर माती सुकते, तेव्हा मध्यंतरात पुन्हा पाणी. न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज लोडवर ३ च्या आत आलं तर पुढे जायचं.

१४ डिसेंबर

लाइन-इंटरॲक्टिव्ह मिक्सरवरून काढला. कारण एकच: भाड्याचे जनरेटर. दर गावाला वेगळा, आणि प्रत्येकाची हर्ट्झची मर्जी वेगळी. १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आणला, ७ एएचच्या तीन बॅटऱ्या, १४,८०० रुपये. ऑनलाइनमध्ये येणारी वीज आधी डीसी होते आणि पुन्हा ५० हर्ट्झची नवी वीज तयार होते, त्यामुळे बदलायला लागणारा वेळ शून्य. मुख्य फायदा जनरेटरवर दिसला. ५ केव्हीएचा तोच पेट्रोलवाला ५३.६ वर असताना याने बॅटरीला हातही लावला नाही.

तोटेही आहेत. पंखा कायम फिरतो, स्वतःच ३० वॅटच्या आसपास खातो, गरम होतो, वजन जास्त. मिक्सरच्या लोडवर ४५ मिनिटं मिळाली. चालू करताना बायपास (येणारी वीज तशीच पुढे), मग इन्व्हर्टर असा क्रम घेतो. मिक्सर त्यानंतरच चालू करायचा.

११०० व्हीएवाला रंगमंचाखाली स्टेज बॉक्सला दिला, तिथे ५४ वॅटवर तासाभराहून जास्त चालतो. ६०० व्हीएवाला ऑफिसच्या कॉम्प्युटरला गेला, म्हणजे ते ३,१०० रुपये या कामातून वाया. ज्यांना आज सुरुवात करायची आहे त्यांनी मिक्सरला थेट ऑनलाइन घ्यावा.

५ जानेवारी

पेटी. यूपीएस, कटऑफ, सहा सॉकेटचा बोर्ड एकाच फ्लाइट केसमध्ये. वायर, प्लग, केस मिळून ४,२०० रुपये. बॅटऱ्यांमुळे वजन खाली ठेवलं, खाली रबर, मागे हवेला चार बोटं जागा. आत येणारी वायर २.५ स्क्वेअर एमएम, १६ अँपिअरचा प्लग.

आवाज बंद पडायचं मोठं कारण लाईट जाणं नव्हे, पायात अडकून पिन निघणं हे आहे. मिक्सरची मागची पिन नुसती खोचलेली असते. लॉकवाली पिन मिळाली तर उत्तम, नाहीतर केसला हुक मारून वायर वेलक्रोने बांधा. बोर्डाच्या तीन सॉकेटवर "फक्त मिक्सर" लिहून उरलेली तीन टेपने बंद केली. मोकळं सॉकेट दिसलं की कोणीतरी मोबाइल लावतो, हे ठीक. पण चहाची इलेक्ट्रिक किटलीही लावतो.

२ फेब्रुवारी

जास्त वेळ मिळावा म्हणून रंगमंचाखालच्या ११०० व्हीएवाल्याला बाहेरून इन्व्हर्टरच्या दोन मोठ्या बॅटऱ्या जोडून पाहिल्या, २५० वॅट दिव्यांच्या लोडवर. ४० मिनिटांनी ट्रान्सफॉर्मरला हात लाववेना, वार्निशचा वास. चाचणी बंद. छोट्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक आतल्या बॅटरीच्या पाव-अर्ध्या तासापुरतेच बनवलेले असतात. बॅटरी मोठी केली म्हणून ते मोठे होत नाहीत. शिवाय आतला चार्जर एवढ्या बॅटऱ्या भरायला कित्येक दिवस घेईल. जास्त वेळ हवा असेल तर बाहेरच्या बॅटरीसाठीच बनवलेलं मॉडेल घ्यावं. आपल्याला गरज नाही, जनरेटर आहे.

१७ मार्च

शिमग्याचे कार्यक्रम, बहुतेक खाडीकाठचे आणि किनाऱ्यावरचे. ऑनलाइनवाल्याचा पंखा खारा वारा थेट आत ओढतो. केस उघडल्यावर बॅटरीच्या टॅबवर हिरवट पूड, एक लग (वायरच्या टोकाची क्लिप) बोटाने हलवला तर सुटला. ढिल्या लगचं लक्षण फसवं आहे: लाईट असताना सगळं ठीक, बॅटरी फुल्ल दाखवते, आणि लोड पडताच यूपीएस ताबडतोब बंद. बॅटरी गेली असं वाटून नवी आणली जाते.

पूड टूथब्रशने कोरडी काढली, लग बदलून नीट क्रिम्प केले, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. हवा शिरते त्या जाळीवर फोमचा फिल्टर. तो दर पंधरवड्याला धुऊन पूर्ण सुकवायचा. बंद फोमने यूपीएस तापतो, आणि बॅटरीचं तापमान २५ अंशांच्या वर साधारण १० अंश गेलं की आयुष्य निम्मं होतं. म्हणून दुपारी टेम्पोत उन्हात केस ठेवून जेवायला जाऊ नये. स्क्रू स्टेनलेसचे घेतले, साधे एका हंगामात गंजतात.

आतापर्यंतचा एकूण खर्च ३२,०५० रुपये.

८ जून

पाऊस लागला, कार्यक्रम बंद. बॅटऱ्या रिकाम्या ठेवून पावसाळाभर विसरल्या तर सल्फेट धरतात आणि गणपतीला मान टाकतात. दोन्ही यूपीएस पूर्ण चार्ज करून जमिनीपासून वर लाकडी फळीवर ठेवले, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. महिन्यातून एकदा दिवसभर लाईटला लावायचे.

बॅटरी तपासायची ती लोडवर. आज ऑनलाइनवाल्यातली एक बॅटरी मोकळी असताना १२.७ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे धडधाकट. गाडीचा ५५ वॅटचा बल्ब लावला आणि मिनिटभरात १०.५ च्या खाली. उरलेल्या दोन त्याच बल्बवर १२ च्या जवळ टिकल्या. तरी तिन्ही एकदम बदलायच्या, एकाच कंपनीच्या, एकाच बॅचच्या. एकीलाच बदललं तर जुन्या दोन आधी रिकाम्या होतात आणि नवी धड भरतही नाही. आता आणल्या तर पावसात पडून राहतील, म्हणून खरेदी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. दुकानात तारखेचा शिक्का बघायचा, सहा महिन्यांहून जुना माल घ्यायचा नाही.